साचा उलटाच असतो

जगातली कुठलीही वस्तू सरळ आहे की वाकडी, हे ठरवण्याचा अधिकार फक्त एकाच माणसाला होता आणि तो माणूस माझा साडू होता. तुम्हाला हे जास्तीचं वाटत असेल, तर तुम्ही त्यांच्याबरोबर कधी कुणाच्या घरी चहाला गेलेला नाहीत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणायला लागलो. ते मला साडूभाऊ म्हणत. दाजी कुणाच्याही घरात शिरले की आधी पाणी नाही, ख्यालीखुशाली नाही, आधी भिंत. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायला. पंख्याच्या वाऱ्यानं आमचं कॅलेंडर दिवसभर हलायचं. दाजी दार उघडताच चपलेसकट खुर्चीवर चढायचे, कॅलेंडर सरळ करायचे, खाली उतरून दोन पावलं मागं जायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि मग म्हणायचे, "हां. आता बोला, कसं काय?" तोवर आमचा चहा निवलेला असायचा.

यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. पोटापाण्याचा धंदाच तसा. नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात ते तपासणीच्या कामावर होते. पोस्टाच्या तिकिटांचे मोठाले ताव छापून, भोकं पाडून त्यांच्या टेबलावर यायचे. चित्र चौकटीच्या मधोमध बसलंय का, भोकांची रांग चित्रावर तर चढली नाही ना, एवढं भिंगातून बघायचं. चुकलेल्या तावावर लाल पेन्सिलीनं फुली मारायची आणि तो बाजूला टाकायचा. केसाएवढा फरकसुद्धा दाजींच्या नजरेतून सुटत नाही, असं त्यांचे साहेब सांगायचे आणि साहेबांपेक्षा जास्त वेळा दाजी स्वतः सांगायचे. पण टेबलावरून उठल्यावर ती नजर तिथंच ठेवून यावी की नाही? छे! ती त्यांच्याबरोबर सायकलवरून घरी यायची, जेवायला बसायची आणि ताटात भाकरी मधोमध पडली नाही म्हणून आक्काशी वाद घालायची. आक्का म्हणजे माझी मेहुणी, त्यांची बायको. ती भाकरी उचलून मधोमध ठेवायची आणि म्हणायची, "झालं समाधान? आता तोंडात घालताना मधोमध घाला म्हणजे मिळवली."

माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. विहारात पंचशील घेऊन झालं, सगळे फोटोला उभे राहिले, फोटोग्राफर बिचारा तयार. तेवढ्यात दाजी पुढे झाले. "मामा, अर्धं पाऊल मागं. आत्याबाई, तुम्ही जरा डावीकडं. नवरदेव, मान सरळ, मान!" फोटोग्राफरला वाटलं, हेच कुणीतरी मुख्य पाहुणे, तो त्यांच्या इशाऱ्याची वाट बघत राहिला आणि मध्येच त्याच्या हातून बटण दाबलं गेलं. त्या फोटोत आम्ही सगळे जण, नवरानवरीसुद्धा, कॅमेऱ्याकडे न बघता डावीकडे बघतोय आणि डाव्या कडेला दाजींचा वर केलेला एक हात दिसतोय. एकदा शहर बसमध्ये त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "मास्तर, तिकिटाला भोक मध्यावर नाही पडलं." कंडक्टर सिन्नरकडचा गडी. तो म्हणाला, "खाली उतरा, तिथं लय मधोमध पाडून देतो." दाजींना त्यातला राग कळलाच नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, "खाली उतरून कसं काय नीट पडेल हो?"

अशा माणसाच्या पोटी सुजाता जन्माला आली. लहानपणी ती दिसायला काय गोड पोर होती आणि हसायला तर विचारूच नका. हसायला लागली की आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा, मग ती जमिनीवर बसायची आणि शेवटी पोट धरून लोळायची. शेजारणी हातातलं काम टाकून विचारायला यायच्या, "काय झालं गं एवढं?" आणि काही झालेलं नसायचं, मांजर शिंकलेलं असायचं. पुढं तिचे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते मात्र बाजारातल्या गर्दीसारखे, जागा मिळेल तिथं शिरत. पटाशीचे दोन दात एकमेकांच्या खांद्यावर चढलेले, आणि डावा सुळा तर खाली जागा नाही म्हणून वर हिरडीतच उभा राहिलेला. दाजींनी ते पाहिलं आणि त्यांची झोप उडाली. आख्खं आयुष्य ज्यानं वाकडं ते बाजूला टाकलं, त्याच्या घरातच हे निघालं आणि इथं लाल फुली मारून चालणार नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय अंगठ्याचा. सकाळच्या बातम्या लागल्या की सुजातानं त्यांच्यासमोर येऊन बसायचं आणि बातम्या संपेपर्यंत दाजींनी अंगठ्यानं तो सुळा दाबून धरायचा. हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. पण त्यांचा त्यावर भारी विश्वास. सुळा जागचा हलला नाही. सुजाता मात्र बातम्यांची धून ऐकू आली की मोरीत जाऊन लपायला लागली. मग कुणीतरी म्हणालं, त्या बाजूनं ऊस खाऊ घाला. महिनाभर घरात उसाच्या चोयट्यांचा ढीग. मग दाजी तिला घेऊन गावातल्या एका जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिव्याखाली बघितलं आणि सांगितलं, "सुळ्यामागचा एक दात काढून टाका. जागा झाली की तो आपसूक खाली येईल." दाजी दात काढण्याच्या नावानंच घाबरले. "आहे त्यातला कमी करायचा? हा कुठला न्याय?" म्हणत तिला तिथून घेऊन आले. मुंबईला मोठ्या दवाखान्यात प्रत्येक दाताला धातूची पट्टी बसवून तार ओढतात, असंही त्यांच्या कानावर आलं. पण दर महिन्याला पोरीला घेऊन मुंबईला कोण जाणार आणि शाळेचं काय, म्हणून ते राहिलं. यात किती दिवस गेले कुणास ठाऊक. पण तेवढ्या दिवसांत दाजी सकाळ-संध्याकाळ तिला उजेडात उभी करून म्हणायचे, "आ कर." पाहुणे बसलेले असोत, मैत्रिणी खेळायला आलेल्या असोत. "सुजा, इकडं ये. आ कर. बघा हो साडूभाऊ, सरकल्यासारखा वाटतो का?"

आणि पोरगी हसताना तोंडावर हात घ्यायला लागली. आधी आम्हाला वाटलं, मोठी होतेय, लाजते. मग तो हातसुद्धा दिसेनासा झाला, कारण हसणंच बंद झालं. मांजर शिंकलं तर ती ओठ मिटून खाली बघायची. आक्का एकदा आमच्याकडे आली आणि माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. "दात राहू दे गं वाकडे, पण माझी पोर हसायची विसरली. यांना कुणी सांगावं?" म्हणून मीच सांगितलं. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, तिला हसता यावं म्हणूनच तर चाललंय हे सगळं. एकदा दात सरळ झाले की हसेल की आयुष्यभर. कुणी नाव ठेवायला नको." त्यांचा जीव होता हो पोरीवर. त्यात खोट नव्हती. पण डोळ्याला भिंग लावलेल्या माणसाला काय सांगणार?

तेवढ्यात मेन रोडला एका तरुण दंतवैद्यानं नवा दवाखाना टाकला. दाजी मला बरोबर घेऊन गेले. हा डॉक्टर मोठा समजूतदार. त्यानं सुजाताला खुर्चीत बसवून आधी तिलाच विचारलं, "दुखतं का? चावायला त्रास होतो का?" ती म्हणाली, "नाही." मग तो दाजींना म्हणाला, "तसे राहू दिले तरी काही बिघडत नाही. हा पण एक उपाय आहे." हे वाक्य मी ऐकलं, सुजातानं ऐकलं, कंपाउंडरनंसुद्धा ऐकलं. दाजींनी ऐकलं नाही. ते म्हणाले, "पुढचा उपाय सांगा." पुढचा उपाय म्हणजे टाळूला बसणारी गुलाबी प्लेट, दातांपुढून जाणारी तार आणि मधोमध एक बारीकसा स्क्रू. दर आठवड्याला घरच्यांनी छोट्या चावीनं तो स्क्रू थोडा फिरवायचा, म्हणजे हळूहळू जागा होते आणि दात सरकतात. "मधोमध स्क्रू" म्हटल्यावर दाजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू! डॉक्टरनं सुजाताच्या तोंडात लगदा भरून माप घेतलं. तिला उमासे आले, डोळ्यांत पाणी आलं, पण ती हूं की चूं बोलली नाही. मापात प्लॅस्टर ओतून दातांचा साचा करायचा आणि त्यावर प्लेट बेतायची, अशी ती पद्धत. दाजींनी हट्ट धरला की साच्याची एक प्रत आपल्याला हवी. पुढच्या खेपेला कंपाउंडरनं फडताळातल्या पांढऱ्या जबड्यांच्या रांगेतून एक उचलून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

तो साचा म्हणजे घरात दुसरं मूल आल्यासारखं झालं. दाजींनी त्याच्या तळाला मखमलीचा तुकडा चिकटवला, शोकेसमध्ये बाहुली आणि चिनी मातीचा बदक यांच्यामध्ये तो मांडला, अर्थातच मधोमध. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन तो बाहेर काढायचा, भिंगातून पाहायचा, फूटपट्टी लावायची, वाकड्या दातांवर लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या. चहाला आलेल्या माणसाच्या एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात जबडा. मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी सहज म्हणालो, "दाजी, सुजाताचा सुळा डाव्या बाजूचा ना? हा उजव्या बाजूचा वर चढलाय." दाजी माझ्याकडे बघून हसले, एखाद्या खुळ्याकडे बघावं तसे. "साडूभाऊ, तुम्ही वीज तयार करा. साचा उलटाच असतो! आमच्याकडं प्लेटवर जे डावं, ते कागदावर उजवं. सगळी अक्षरं उलटी. छापल्यावर सुलटं होतं. तसंच हे." छापखान्यात उभं आयुष्य घालवलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर मी काय बोलणार? मला पटलंसुद्धा. आक्कालाही पटलं. आल्यागेल्याला ते आधी हेच समजावून सांगायचे आणि लोक माना डोलवायचे.

एक मात्र झालं. साचा घरात आल्यापासून "आ कर" बंद झालं. साचा हलत नाही, थुंकी गिळत नाही, रडत नाही, मग पोरीला कशाला उजेडात उभी करायची? रविवारी सकाळी चावी फिरवायची तेवढीच. आणि प्लेट बाहेर काढता येत असल्यामुळे ती हातात घेऊनच फिरवायची. सुजाता निवांत अभ्यास करायची, मैत्रिणींकडे जायची. सुटीत आमच्याकडे एकलहऱ्याला आली तर माझ्या बायकोजवळ थोडंफार हसायचीही, ओठांवर हात ठेवून. घरात मात्र नाही. आक्का अधूनमधून तिच्याकडे बघून नुसता उसासा टाकायची.

काही महिन्यांनी डॉक्टरनं पुन्हा माप घेतलं आणि नवा साचा बघायला बोलावलं. त्या दिवशी दाजींनी मलाही रजा टाकायला लावली. जुना साचा त्यांनी नॅपकिनमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात घेतला होता. बसमध्ये गचका बसला की ते डबा उघडून, सगळं शाबूत आहे ना, बघायचे. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं डब्यात काय भाजी आहे म्हणून डोकावलं, आतला जबडा पाहिला आणि काही न बोलता उठून मागच्या बाकावर जाऊन बसला. सुजाता खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे किंचित हलल्यासारखे मला वाटले, पण बसही हलत होती.

दवाखान्यात डॉक्टरनं नवा साचा टेबलावर ठेवला. दाजींनी शेजारी जुना ठेवला, दोन्ही एका रेषेत आणले, भिंग डोळ्याला लावलं आणि बघताबघता त्यांचं कपाळ आक्रसत गेलं. "डॉक्टरसाहेब, हा नवा साचा चुकलाय तुमचा. हा सुलटा आलाय." डॉक्टर म्हणाला, "साचा सुलटाच असतो." "असं कसं? उलटाच असतो." "अहो, माप उलटं असतं. त्यात प्लॅस्टर ओतलं की पुन्हा सुलटं होतं." दाजींनी भिंग खाली घेतलं. त्यांच्या डोक्यात छापखान्याची सगळी यंत्रं एकदम उलटी फिरली असणार. तोवर डॉक्टरनं जुना साचा उचलला, लाल खुणांनी भरलेला, फिरवून पाहिला, सुजाताच्या तोंडात पाहिलं, मग तळाची मखमल नखानं सोलून काढली. खाली पेन्सिलीनं नाव लिहिलेलं होतं. डॉक्टर ओशाळून म्हणाला, "माफ करा, आमच्याकडून अदलाबदल झाली. प्लेट हिच्याच साच्यावर केली, ती बरोबर आहे. पण तुम्हाला दिला हा... हा देवळालीच्या एका मुलीचा आहे."

केसाएवढा फरक ज्यांच्या नजरेतून कधी सुटला नाही, ते आमचे दाजी कित्येक महिने रोज संध्याकाळी परक्या पोरीचे दात भिंगातून बघत होते. आणि मग खुर्चीतून एक आवाज आला. आधी नाकातून आला. मग सुजाताचे खांदे हलायला लागले. तिनं तोंडावर हात घेतला, पण प्लेट सुटून हातात आली, मग दुसऱ्या हातानं पोट धरावं लागलं, आणि मग ती हसली. अशी हसली, अशी हसली, की बाहेर बसलेले पेशंट, सुजलेले गाल धरून, दारात येऊन उभे राहिले. चांगली खुर्चीवरून घसरली. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, बाबा. जिभेला कळतं ना आपला दात कुठला ते."

"मग बोलली का नाहीस?" दाजींनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

सुजाताचं हसू थोडं ओसरलं. ती म्हणाली, "तुम्ही त्याचं तोंड बघायला लागलात ना, मग माझं बघायचं थांबलात. मला बरं वाटत होतं."

दाजींनी भिंग खिशात ठेवलं. मग पुन्हा काढलं, हातात फिरवलं, पुन्हा ठेवलं. मला वाटलं, आता डॉक्टरवर चिडणार. पण ते रुमालानं त्या साच्यावरच्या लाल खुणा पुसायला लागले, अगदी हळू, जणू त्याला दुखेल. डॉक्टरच्या हातात तो देताना म्हणाले, "त्या देवळालीच्या मुलीचं कसं आहे आता? सुळा उतरला का तिचा खाली?" डॉक्टर म्हणाला, "बऱ्यापैकी." दाजी म्हणाले, "चांगलं झालं. फार काळजी होती मला तिची." यावर सुजाता पुन्हा हसत सुटली, आणि या खेपेला दाजी तिच्याकडे बघत राहिले. दातांकडे नव्हे. मी बाजूलाच उभा होतो, मला दिसत होतं. त्यांना ते हसणं इतक्या दिवसांनी भेटत होतं आणि ते कुठं ठेवावं हेच त्यांना कळत नव्हतं.

बसस्टॉपवर ते तिला म्हणाले, "सुजा, परत हस ना." पण सांगून कुणाला हसू येतं का? ती म्हणाली, "असं कसं हसू, बाबा?" दाजी विचारात पडले. मग बसमध्ये त्यांनी आयुष्यातला पहिला विनोद सांगितला. त्यांना विनोद सांगता यायचा नाही, बरं का. घोळ होऊ नये म्हणून त्यांनी आधी शेवटच सांगून टाकला. "तर शेवटी तो म्हणतो, 'मग म्हशीलाच विचारा!' आता हे कसं झालं, ते नीट पहिल्यापासून सांगतो. एक गाव होतं. गाव म्हणजे तसं मध्यम..." पण तोवर सुजाता खिडकीच्या गजाला डोकं टेकून हसत होती आणि दाजींना पुढचं सांगायची गरजच उरली नाही. त्यांचं काम झालं होतं.

त्यानंतर दाजींनी तिला कधी "आ कर" म्हटलं नाही. प्लेट तिनं स्वतःच्या मर्जीनं वापरली. पटाशीचे दात छान बसले; सुळा बराच खाली आला, थोडासा बाहेर राहिला. डॉक्टर म्हणाला, अजून करता येईल. दाजी म्हणाले, "तिला विचारा." तिनं सांगितलं, "पुरे." विषय संपला. पुढं ती शिकली, लासलगावला शाळेत मास्तरीण झाली, शनिवारी दुपारच्या गाडीनं घरी यायची. दाजी आठवडाभर छापखान्यातल्या लोकांकडून, न्हाव्याकडून, भाजीवाल्याकडून विनोद गोळा करायचे आणि तिच्यासाठी राखून ठेवायचे. तिला उंबऱ्यातच गाठून म्हणायचे, "तर शेवटी डॉक्टर म्हणतो, 'अहो, पण छत्री माझी आहे!'" आणि आक्का आतून ओरडायची, "अहो, तिला चप्पल तरी काढू द्या!" त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडरही तेव्हा वाऱ्यानं हलत असायचं, पण सुजाता आलेली असली की त्यांचं तिकडे लक्ष नसायचं.

निवृत्त झाल्यावर दाजी फार दिवस राहिले नाहीत. एका सकाळी चहा घेताघेता गेले, कुणाला तोशीस न देता. आम्ही सगळे जमलो, रडलो, वंदना झाली. पुढं काही दिवसांनी सुजाता आमच्याकडे एकलहऱ्याला आली होती. मी आणि ती ओट्यावर बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "काका, 'मग म्हशीलाच विचारा' या विनोदाची सुरुवात काय होती हो?"

मी आठवून पाहिलं. मला नाही आठवली. छत्रीच्या विनोदाचीही नाही. मग आम्ही दोघांनी एकेक काढून पाहिले. शेवट सगळे तोंडपाठ होते, सुरुवात एकाचीही नव्हती. कशी असेल? तिनं कधी त्यांना तिथवर पोचूच दिलं नव्हतं. तिचा चेहरा असा काही झाला की मला राहवेना. मी म्हणालो, "थांब, आली आठवण. एक गाव होतं. त्या गावात एक पाटील आणि त्याची म्हैस..." आणि सुचेल तसं रचत गेलो. म्हैस हरवली, सापडली, साक्षीला उभी राहिली, मलाच काही कळेनासं झालं. सुजाता सगळं शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "नाही काका, बाबांची अशी नसणार. त्यांची याहून वाईट असणार."

आणि हसली. डोळ्यांत पाणी होतं, तरी चांगली मोकळी हसली. ते हसणं ऐकायला दाजी हवे होते, असं मला फार फार वाटलं.